दिनमान, फुलोरा आणि आमचें पठार

आणे पठारावरील एका सभासदबंधूंनीं आमच्याकडे दोन प्रश्न पाठविले आहेत. पहिला असा कीं, बांधाच्या कडेस किंवा उकिरड्याजवळ आपोआप उगवलेलें भांगेचें झाड सबंध पावसाळा नुसतें पानांनीं वाढत राहतें आणि नवरात्राच्या आगेंमागें एकाएकीं तुऱ्यास येतें, हें कां? दुसरा असा कीं, कोणी एक गृहस्थ थंड मुलुखांतून आणविलेलें 'औद्योगिक भांगे'चें बीं कराराने देऊं करितात, माल आपणच उचलूं असें सांगतात, व खडकाळ कोरडवाहू जमिनींतहि तें पुरुषभर उंच वाढेल अशी हमी देतात. तर तें घ्यावें काय?

प्रश्न वरवर पाहतां निराळे दिसतात. एक वनस्पतिशास्त्राचा, दुसरा व्यवहाराचा. परंतु आमच्या मतें पहिल्याचें उत्तर ज्यास नीट समजलें, त्यास दुसऱ्याचें उत्तर कोणाला विचारण्याचें कारण उरत नाहीं. म्हणून आधीं पहिल्याकडे वळूं.

झाड फुलण्याचीं कारणें आपल्याकडे अनेक सांगतात. कोणी म्हणतो पाऊस उघडला म्हणून. कोणी म्हणतो रात्रीं गारवा पडूं लागला म्हणून. कोणी म्हणतो जमिनींतील कस संपला म्हणून. या प्रत्येकांत थोडें तथ्य आहे, पण मुख्य कारण यांपैकीं एकहि नव्हे. आमच्या पठारावर पाऊस कोणत्या वर्षीं भाद्रपदांतच तोंड फिरवितो, तर कोणत्या वर्षीं दिवाळीपर्यंत पिच्छा सोडीत नाहीं. गारवाहि कधीं लवकर येतो, कधीं उशिरां. असें असूनहि झाडाचा फुलोरा दर वर्षीं थोड्याफार दिवसांच्या फरकानें त्याच सुमारास येतो. एवढेंच नव्हे, तर मृगांत उगवलेलें रोप व मघांत उगवलेलें रोप यांच्या उंचींत दुप्पट अंतर असलें तरी दोन्हीं तुऱ्यास येतात तीं जवळजवळ एकाच वेळीं. ज्यानें अंबाडी दोन वेळां मागेंपुढें पेरली आहे, त्याच्या ध्यानांत ही गोष्ट आलीच असेल. तेव्हां झाड पाहतें तें असें कांहींतरी असलें पाहिजे कीं, जें दर वर्षीं चुकतमाकत नाहीं. तसें एकच आहे, आणि तें म्हणजे दिवसाची व रात्रीची लांबी.

हा शोध लागला त्यांत भांगेच्याच झाडाचा मोठा वांटा आहे, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. फ्रान्स देशांत तुर्न्वा नांवाचा एक तरुण शास्त्रज्ञ भांग व तिच्याच कुळांतील हॉप्स या वेलीवर प्रयोग करीत असे. हिवाळ्यांत कांचगृहांत पेरलेलीं रोपें लहानपणींच फुलतात, हें त्यानें पाहिलें. १९१२ व १९१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यानें असा निष्कर्ष मांडला कीं, ऊब किंवा अन्न हें याचें कारण नसून लहान दिवस, किंबहुना लांब रात्र, हेंच कारण होय. दुर्दैवानें १९१४ सालच्या महायुद्धांत तो पडला आणि त्याचें काम अपुरें राहिलें. पुढें अमेरिकेंतील सरकारी शेतीखात्यांत गार्नर व ॲलार्ड या दोघांनीं तंबाखूची एक न फुलणारी उंच जात घेतली. उन्हाळ्यांतील लांब दिवसांत तीं झाडें रोज दुपारीं काळोख्या खोपींत ठेवून दिवस आंखूड करतांच तीं फुलूं लागलीं. सोयाबीनची एक जात त्यांनीं थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानें पेरली, तरी सर्व वाफे साधारण एकाच वेळीं फुलावर आले. हें सर्व त्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलें, व तेव्हांपासून या शास्त्राचा पाया पक्का झाला.

तथापि झाड दिवस मोजतें कीं रात्र, हा प्रश्न राहिलाच होता. त्याचा उलगडा १९३८ सालीं हॅम्नर व बॉनर यांनीं केला. ज्याच्या कांटेरी फळांस आपण धोतरावरून वेंचून काढतों, त्या शंकेश्वर नांवाच्या तणावर त्यांनीं प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा दाखविला, तर झाडास रात्र तुटल्यासारखी वाटतें व तें फुलत नाहीं. उलट दिवसाच्या मध्यावर थोडा वेळ काळोख केला, तर त्यास कांहींच वाटत नाहीं. म्हणजे झाड मोजतें ती अखंड काळोखाची लांबी. शंकेश्वरास अशी एकच लांब रात्र पुरते. भांगेस अशा कांहीं रात्री ओळीनें मिळाव्या लागतात. ही मोजणी पानांत होते. पानांतील एक रंगद्रव्य उजेड व काळोख यांतील भेद ओळखतें, आणि पानांत तयार झालेला निरोप देठांतून शेंड्याकडे जातो. असा कांहीं निरोप्या असला पाहिजे, असें रशियांतील चैलाख्यान यांनीं १९३७ सालींच म्हटलें होतें. तो एक प्रथिन आहे हें २००७ सालीं सिद्ध झालें. निरोप पोंचला कीं शेंडा पानें काढण्याचें सोडून फुलें काढूं लागतो.

झाडानें ही युक्ति कां पत्करली असावी? विचार केला तर तींत मोठा शहाणपणा दिसतो. ज्याचें आयुष्य एका हंगामाचें, त्यास कोरड पडण्यापूर्वीं किंवा हिंव पडण्यापूर्वीं बीं पिकवून मोकळें व्हावें लागतें. पावसावर विसंबावें तर तो फसवितो. उबेवर विसंबावें तर तीहि फसविते. रात्रीची लांबी मात्र कोणास फसवीत नाहीं. म्हणून भांगेचें झाड पहिले कांहीं आठवडे केवळ अंग धरतें. त्या वयांत रात्र कितीहि लांब असली तरी तें फुलत नाहीं. वय झाल्यावर मात्र तें रात्रीकडे डोळा लावून बसतें, आणि आपल्या जातीस ठरलेली मर्यादा रात्रीनें ओलांडली कीं फुलण्यास लागतें. नर झाडें आधीं फुलतात, पराग सांडतात व वाळतात. मादी झाडें मागाहून फुलून बीं धरतात. जमीन, खत, पाणी व ऊब यांनीं आठ-पंधरा दिवसांचें मागेंपुढें होईल. पण हांक मारणारी ती रात्रच. फार उत्तरेकडील कांहीं ठेंगण्या जाती तेवढ्या या नियमास अपवाद असून त्या रात्र न पाहतां केवळ वयानें फुलतात.

आतां आमच्या गांवाकडे येऊं. आणें हें सुमारें एकोणीस अक्षांशावर आहे. येथें ज्येष्ठ-आषाढांतील मोठ्यांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, आणि मार्गशीर्ष-पौषांतील लहानांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा. पंचांगांतील दिनमानाच्या भाषेंत बोलावयाचें तर तेहतीस घटिकांपासून साडेसत्तावीस घटिकांपर्यंत. म्हणजे सबंध वर्षाचा चढउतार अवघा सवादोन तासांचा. ऑगस्टच्या मध्यास दिवस पावणेतेरा तासांवर येतो, सप्टेंबर अखेरीस दिवसरात्र जवळजवळ सारखीं होतात, आणि ऑक्टोबरच्या मध्यास दिवस पावणेबारा तासांचा उरतो. आमच्या हवेंत पिढ्यान् पिढ्या रुळलेलें झाड याच उतरणीवर आपली खूण ओळखतें, म्हणूनच तें नवरात्राच्या सुमारास तुऱ्यास येतें. सभासदबंधूंच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर हें.

येथें एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. आमचे वाडवडील सण व व्रतें चांद्र तिथीनें पाळीत, पण पेरणी मात्र सूर्याच्या नक्षत्रावर ठरवीत. मृग, आर्द्रा, मघा, हस्त, स्वाती हीं शेतकऱ्याचीं नक्षत्रें सूर्याचीं आहेत, आणि सूर्याचें नक्षत्र म्हणजेच दिनमान. तिथि अधिक मासामुळें महिनाभर मागेंपुढें सरकते. हस्ताचा दिवस मात्र दर वर्षीं तेवढ्याच लांबीचा असतो. ज्यांनीं हें ठरविलें त्यांस पानांतील रंगद्रव्याची वार्ता नव्हती, परंतु पिकें कोणतें पंचांग पाहतात हें त्यांनीं बरोबर हेरलें होतें.

आतां दुसरा प्रश्न. युरोपाच्या ज्या भागांत वाखासाठीं भांग करितात, तेथें उन्हाळ्यांतील दिवस सोळा तासांचा किंवा त्याहूनहि मोठा असतो. त्या जाती दिवस चौदा तासांच्या आसपास उतरला कीं फुलावर येतात. तेथें ती वेळ येईपर्यंत झाड पुरुषभराहून उंच झालेलें असतें. तेंच बीं आमच्या पठारावर मृगांत टाकलें तर काय होईल? आमचा वर्षांतील मोठ्यांत मोठा दिवसहि त्याच्या हिशेबीं आंखूडच! झाड कोंवळेपणाचे आठवडे संपतांच गुडघाभर उंचीवर फुलेल, आणि वाख ज्या खोडाचा काढावयाचा तें खोडच वाढणार नाहीं. खत घालून, पाणी देऊन किंवा मशागत करून या गोष्टीस उपाय नाहीं. हमी देणाऱ्या गृहस्थांनीं सूर्याकडूनहि करार लिहून घेतला असेल तर गोष्ट निराळी.

कांदेकरी बंधूंस याचा उलटा मासला सहज पटेल. थंड देशांतील कांद्याच्या जातींस गांठ धरण्यासाठीं चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. तें बीं येथें लावलें तर पात हिरवीगार व जोमदार येते, पण खालीं कांदा धरत नाहीं. कारण तेवढा मोठा दिवस आमच्या आकाशांत उगवतच नाहीं. आपल्याकडील जाती अकरा-बारा तासांच्या दिवसांत गांठ धरतात, म्हणूनच त्या आपल्या. उत्तरेकडील कांदा येथें कधींच वयांत येत नाहीं, व उत्तरेकडील भांग येथें बालपणींच म्हातारी होते. दोहोंचें कारण एकच.

कोणी म्हणेल, उत्तराखंडांत २०१८ सालापासून अशा लागवडीस परवाने मिळूं लागले, मग आम्हीं कां मागें राहावें? त्यास आमचें सांगणें असें कीं, तें राज्य तीस अक्षांशाच्या आसपास आहे व तेथील मोठा दिवस चौदा तासांचा भरतो. शिवाय तेथें भांग डोंगरांत पूर्वापार असून वाखासाठीं व बियांसाठीं तिचा उपयोग लोकांस ठाऊक आहे. आणि तेथेंहि मादक अंश शेंकडा ०.३ हून अधिक नसावा अशी अट आहे. दुसरा कोणी म्हणेल, आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, व साताऱ्याकडे एके काळीं गांजाचें पीक उघडपणें होत होतें. १८९३-९४ सालच्या चौकशी कमिशनच्या अहवालांत त्याची नोंद आहे. गोष्ट खरी आहे. परंतु तें बीं येथल्याच दिनमानाचें होतें, पीक वाखाचें नसून फुलोऱ्याचें होतें, आणि तें सरकारी परवान्याखालीं होत असे. तो काळ गेला, ते परवाने गेले, आणि त्या पिकानें किती घरांचें भलें केलें याविषयीं आम्हांस फारसा आदर नाहीं.

आज कायदा काय आहे हें प्रत्येक जमीनधारकानें पक्कें ध्यानांत ठेवावें. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणें भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. कायद्याच्या व्याख्येंत 'गांजा' म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे; यावरून कित्येकांचा असा समज झाला आहे कीं, झाड फुलेपर्यंत भय नाहीं. हा समज घातक आहे. लागवडीचा गुन्हा फुलोऱ्याची वाट पाहत नाहीं. वाखासाठीं, बियांसाठीं किंवा बागाइती उपयोगासाठीं सरकार आपल्या अटींवर परवानगी देऊं शकतें, अशी तरतूद त्या कायद्यांत आहे; पण ती परवानगी सरकारनें दिलेली असावी लागते, बीं विकणाऱ्यानें दाखविलेल्या छापील कागदाची नव्हे. आणखी एक कलम फार थोड्यांस ठाऊक असतें. आपल्या जमिनींत दुसऱ्या कोणीं अशी बेकायदा लागवड केलेली असेल, तर ती पोलिसांस किंवा संबंधित अधिकाऱ्यांस तात्काळ कळविणें हें जमीनधारकाचें कर्तव्य आहे, आणि जाणूनबुजून न कळविणें हा गुन्हा आहे. तेव्हां जमीन वांट्यानें दिली, आपण नोकरीनिमित्त मुंबईस राहतों, असें म्हणून डोळेझांक करणाऱ्यांनींहि सावध व्हावें. आणि सभासदबंधूंनीं आपल्या बांधावरील तें आपोआप उगवलेलें झाडहि तुरा येण्याची वाट न पाहतां मुळासकट उपटून टाकावें.

तर मग आमचा सल्ला उघड आहे: तें बीं घेऊं नये. वाखाचीच हौस असेल तर आपल्या घरांत अंबाडी आहे, ताग आहे. दोन्हीं कायदेशीर, दोन्हीं आपल्या दिनमानास सरावलेलीं. अंबाडी जितकी लवकर पेरावी तितका तिचा कांडा लांब होतो, कारण फुलण्यापूर्वीं तिला वाढण्यास तेवढे अधिक दिवस मिळतात. ताग तर फुलावर येतांच गाडला म्हणजे जमिनीस खतहि होतो.

परंतु केवळ 'नको' म्हणून थांबणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्या नियमानें भांगेचा तुरा येतो, तोच नियम आमच्या शेतांतील निम्म्या पिकांस लागू आहे, आणि त्याकडे आपण पुरेसें लक्ष देत नाहीं. तूर मृगांत पेरली तर झाड मोठें होतें. तीच भाद्रपदांत पेरली तर झाड ठेंगणें राहून लवकर फुलतें. म्हणून उशिराच्या तुरीस दोन ओळींतील अंतर कमी ठेवलें पाहिजे, नाहीं तर निम्मी जमीन उघडी राहते. शाळूची मालदांडी रब्बीचीच कां, व तिची पेरणी हस्ताच्या आसपास कां, याचें मर्महि बऱ्याच अंशीं येथेंच आहे. पाऊस लांबला म्हणून पेरणी लांबवावी लागली, तर बियाण्याचें प्रमाण, अंतर व जात या तिन्हींचा फेरविचार करावयास हवा. जुन्या तारखेचें कोष्टक नव्या तारखेस लावणें म्हणजे मुलाचा अंगरखा बापास घालणें होय.

दुसरी गोष्ट दिव्यांची. आमचा जुन्नर व आंबेगांवचा मुलूख बिबट्याचा. गोठ्याभोंवतीं व वस्तीभोंवतीं रात्रभर झगझगीत दिवे ठेवणें आतां नित्याचें झालें आहे, आणि जिवाच्या रक्षणासाठीं कोणीं दिवा लावला तर त्यास आम्हीं नांव ठेवणार नाहीं. पण दिव्याखालचें सोयाबीन बाकीचें शेत पिवळें पडलें तरी हिरवेंच उभें राहतें व शेंगा धरत नाहीं, याचें कारण खतांत किंवा बियाण्यांत शोधूं नये. झाडास रात्र मिळाली नाहीं, एवढेंच तें कारण. शेवंतीचे बागाइतदार हाच नियम पैशास लावतात. मध्यरात्रीं दिवे लावून ते कळी लांबवितात व काळें कापड घालून ती लवकर आणतात. आम्हीं निदान नुकसान तरी टाळावें. दिव्यास वरून टोपण घालून उजेड गोठ्याच्या अंगणांतच पाडावा. हालचाल होतांच पेटणारे दिवे मिळतात ते वापरावे. आणि दिव्यालगतच्या पट्ट्यांत सोयाबीन किंवा तूर न घेतां टोमॅटोसारखें पीक घ्यावें, जें दिनमानाची फारशी पर्वा करीत नाहीं.

शेवटीं आमची मागणी. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें, नारायणगांवच्या कृषि विज्ञान केंद्रानें व राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेनें शेतकऱ्यांस आजवर पुष्कळ दिलें आहे. आतां आणे पठारासारख्या उंच व कोरडवाहू भागांत पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें पेरणीचे प्रयोग घेऊन, कोणती जात कोणत्या नक्षत्रावर पेरली असतां किती दिवसांनीं फुलावर येते, याचें गांववार कोष्टक द्यावें. आणि बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर ती जात दिनमानाशीं बांधलेली आहे कीं नाहीं, व ती कोणत्या तारखांच्या दरम्यान पेरावी, हें ठळक मराठी अक्षरांत छापणें विक्रेत्यांस बंधनकारक व्हावें. एवढी एक ओळ छापली गेली, तर लांबच्या मुलुखांतील बियाण्याच्या थापांस बळी पडणारे बरेच शेतकरी वांचतील.

तोंपर्यंत आपलें काम आपणच करावें. घरांत पंचांग आहेच. त्यांतील दिनमानाचा रकाना आपण आजवर लग्नमुंजीच्या घाईंत उलटून गेलों. यंदापासून प्रत्येक सभासदानें पेरणीची तारीख, त्या दिवसाचें दिनमान व पहिलें फूल दिसल्याची तारीख, या तीन गोष्टी वहींत टिपून ठेवाव्या. तीन वर्षांच्या अशा वह्या एकत्र जुळल्या, म्हणजे आमच्या पठारास स्वतःचें कोष्टक मिळेल, आणि पुढच्या वेळीं कोणी हमीचा कागद घेऊन दारांत उभा राहिला, तर त्यास आधीं विचारतां येईल: "बाबा, तुझ्या बियाण्यास रात्र किती लागते?"